‘सकारात्मक राहा’ म्हणण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नव्याने वर्गावर जाणाऱ्या शिक्षकांना आणि सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकांना, म्हणजे प्रशिक्षणार्थी शिक्षकांना, सर्वांत जास्त वेळा ऐकवला जाणारा सल्ला म्हणजे ‘सकारात्मक राहा’. तीस वर्षे शिकवल्यावर, आणि त्यांतील बरीच वर्षे मागच्या बाकावर बसून छात्राध्यापकांचे पाठ पाहिल्यावर, या सल्ल्याबद्दल माझी तक्रार अशी आहे की तो देणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्यावर आणखी एक काम येऊन पडते. पाठ फसल्याचे दुःख आधीच असते. त्यात आपल्याला धड हसतमुखही राहता आले नाही, याची भर पडते.

या पेशात येणाऱ्याचा एक मोठा गैरसमज बालपणापासूनच झालेला असतो. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये असा अंदाज मांडला होता, की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढलेले असतात. इतर कोणत्याही व्यवसायाचे इतके दीर्घ दर्शन उमेदवाराला क्वचितच घडते. मात्र ते सारे बाकावरून घडलेले असते. शिक्षक फळ्यापुढे काय करतात ते दिसते, पण आदल्या रात्री त्यांनी टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, काय खोडले, कोणते उदाहरण गाळले, कोणत्या मुलाला आज मुद्दाम प्रश्न विचारायचा नाही असे ठरवले, ते दिसत नाही. त्यामुळे काम सोपे वाटते आणि ते जमेनासे झाले की दोष आपल्यातच आहे, अशी खात्री पटते. वस्तुतः नेदरलँड्समधील सायमन वीनमन यांनी नवशिक्षकांच्या अडचणींविषयीच्या ८३ अभ्यासांचा आढावा १९८४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा वर्गातील शिस्त हीच अडचण सर्वांत वरच्या क्रमांकावर आली होती. ‘माझाच वर्ग का ऐकत नाही?’ असे म्हणत शिक्षक-खोलीत डोळे पुसणाऱ्या मुलीला एवढी माहिती जरी कोणी दिली, तरी तिचा अर्धा भार हलका होईल.

माझा स्वतःचा पहिला सराव पाठ अपूर्णांकांच्या बेरजेचा होता. तक्ते देखणे होते, टाचण चोख होते आणि मिनिटामिनिटाचा हिशेब मी घड्याळाशी जुळवून ठेवला होता. एका मुलाने विचारले, ‘बाई, वरचे आकडे मिळवतो, तर खालचे का नाही मिळवायचे?’ मी ‘नियमच तसा आहे’ असे म्हणून पुढे सरकले. निरीक्षकांनी पाठ बरा झाला असे लिहिले. मला मात्र तो प्रश्न कित्येक दिवस टोचत राहिला. पुढे उत्तर सापडले आणि ते अगदी साधे होते. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज त्या मुलाच्या रीतीने दोन पंचमांश येते, म्हणजे अर्ध्यात काही मिळवूनही उत्तर अर्ध्याहून कमी भरते. हे एवढे फळ्यावर लिहून ‘यात काही खटकते का?’ असे मी विचारले असते, तर पुढचे सारे त्याने स्वतःच सांगितले असते. त्या दिवशी मी त्याचे ऐकले नाही, कारण माझे सगळे लक्ष मी कशी दिसते आहे याकडेच होते.

यात माझे काही वेगळेपण नव्हते. फ्रान्सेस फुलर या अमेरिकी संशोधिकेने १९६९ मध्ये शिक्षकांच्या चिंतांचा जो क्रम दाखवला, त्यात सुरुवातीची चिंता स्वतःविषयीची असते आणि मुले काय शिकली ही चिंता पुढच्या टप्प्यावर येते. नव्या शिक्षकाचे मन ज्या दिवशी ‘मला जमले का?’ या प्रश्नावरून ‘याला कळले का?’ या प्रश्नाकडे वळते, त्या दिवसापासून त्याचा उत्साह टिकू लागतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यांच्या शेऱ्यावर अवलंबून असते, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोज वह्यांत सापडते. म्हणून माझ्या छात्राध्यापकांना मी दिवसाअखेरी एकाच मुलाची वही नीट वाचायला सांगत असे. सगळ्या वर्गाचा हिशेब मांडू लागले की निराशाच पदरी येते. एका वहीत मात्र कालची चूक आज सुटलेली दिसते, किंवा ती का सुटली नाही हे तरी समजते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबतात व गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, हे मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले. नव्या शिक्षकाला ते तीन सेकंद युगासारखे वाटतात आणि वर्गातील शांतता त्याला स्वतःचे अपयश वाटते. ती शांतता विचाराची असू शकते, हे त्याला आधी सांगून ठेवावे लागते.

आता आम्हा ज्येष्ठांविषयी. मी स्वतः कित्येक वर्षे निरीक्षण वहीत ‘वर्गनियंत्रण कमी’ असा शेरा मारत आले. त्या शेऱ्याचा कोणाला कधी उपयोग झाला असेल, असे आज वाटत नाही. ‘सूचना देताना तुमचे तोंड फळ्याकडे होते, वर्गाकडे वळून आणि सगळे थांबल्यावर बोला’ असे लिहिले असते, तर दुसऱ्याच दिवशी करून पाहता आले असते. शिवाय सर्वांत दंगेखोर तुकडी, कोणालाच नको असलेले तास आणि उरलेसुरले कारकुनी काम नव्या माणसाच्या गळ्यात घालायचे आणि वर त्याच्या वृत्तीची चर्चा करायची, हे अनेक शाळांत सर्रास चालते. अशा ठिकाणी त्या माणसाची निराशा हा त्याचा दोष नसून शाळेच्या वेळापत्रकाविषयीचा तो एक खरा अभिप्राय असतो.

मुख्याध्यापकांना आणि अनुभवी सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, की नव्या शिक्षकाला आपल्या वर्गात मागे बसू द्यावे, आणि तेही आदर्श पाठाच्या दिवशी नव्हे, तर आपल्याला स्वतःला धास्ती वाटते त्या तुकडीच्या शेवटच्या तासाला. माझ्या वर्गात अशी बसलेली एक छात्राध्यापिका तास संपल्यावर म्हणाली, ‘बाई, तुमचंसुद्धा ऐकत नाहीत!’ त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे हसू होते, ते सबंध सत्रात मी प्रथमच पाहत होते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका