गिळण्याची चित्रफीत वाचायला शिकवा

महोदय,
पक्षाघातानंतर रुग्णाला गिळताना ठसका लागला की घरचे सावध होतात. पण काहींचे अन्न श्वासनलिकेत उतरते आणि खोकला येतच नाही. हे बाहेरून कळत नाही. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) गिळतानाच्या एक्स-रे चित्रफितीत ते दिसते, तेही बघणाऱ्याची नजर तयार असेल तर! घास घशातून जेमतेम सेकंदभरात पुढे सरकतो. म्हणून सेकंदाला ३० फ्रेम टिपून त्या एकेक करून पाहाव्या लागतात. घास श्वासमार्गात किती खोल उतरला आणि तो बाहेर टाकला गेला का, हे सांगणारी १ ते ८ गुणांची मोजपट्टी पाठ असणे वेगळे आणि एकाच फितीला दोघांनी सारखे गुण देणे वेगळे. गिळण्याच्या तक्रारींवरही उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टना हे नुसत्या व्याख्यानांतून जमणार नाही. स्वतंत्रपणे अहवाल लिहू देण्याआधी त्यांचे निष्कर्ष अनुभवी तज्ज्ञांच्या निष्कर्षांशी ताडून पाहण्याची अट घालावी.

– एक स्पीच थेरपिस्ट