बटण कुठंय ते नको, आत काय चाललंय ते शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन टूल्सची माहिती येते, मी ती आवर्जून वाचतो आणि बऱ्याच गोष्टी मला तिथूनच कळल्यात, पण एक मनापासून सांगायचंय. त्यात इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा एवढंच असतं. पुढचं अपडेट आलं की ते बटण भलतीकडेच जातं आणि बिचारा शिकलेला माणूस परत पहिल्या पायरीवर, मग म्हणतो आपल्याला नाही बुवा जमत हे. खूप वाईट वाटतं असं ऐकून, कारण त्यात त्याचा काही दोष नसतो.

टूल्स तर येणार-जाणारच. वेबसाइटवर ॲनिमेशन आणि गेम्स बनवायचं फ्लॅश शिकण्यात लोकांनी वर्षंच्या वर्षं घातली, 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीने सपोर्ट बंद केला. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या टूल्सचंही तेच, जेक्वेरी 2006 ला आलं, मग 2010 ला अँग्युलर, 2013 ला रिॲक्ट, 2014 ला व्ह्यू, दरवेळी आता हेच शिका अशी हवा. वेगवेगळ्या साइट्सचं नवीन लिखाण एकाच जागी दाखवणारं गूगल रीडर 2013 मध्ये बंद झालं तेव्हा मात्र ज्यांना आरएसएस फीड (साइटवरच्या नव्या लेखांची आपोआप अपडेट होणारी यादी) म्हणजे काय हे माहीत होतं त्यांनी आपल्या सगळ्या साइट्सची यादी फाइलमध्ये उतरवून घेतली, दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन पुढे चालू. टूल गेलं तरी खालची गोष्ट टिकते, आणि तीच कुणी शिकवत नाही.

आता हे करून बघा. कॉम्प्युटरवर कुठलीही वेबसाइट उघडा, हेडिंगवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट दाबा, बाजूला कोड उघडतो त्यात तेच हेडिंग दिसेल, त्यावर डबल क्लिक करून आपलं नाव टाइप करा आणि एंटर मारा. पानावर मोठ्या अक्षरात तुमचं नाव! पहिल्यांदा बघणारा घाबरतोच की साइट बिघडवली की काय आपण. मग रिफ्रेश करा, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे आपल्यासमोर असते ती सर्व्हरने, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरने, पाठवलेली प्रत, मूळ पान तिकडेच असतं आणि आपण इकडे कितीही खेळलो तरी त्याला धक्का लागत नाही. हे एकदा डोळ्याने बघितलं की भीती निम्मी जाते. आणि दुसरंही लक्षात येतं, की बातमीचा किंवा बॅलन्सचा स्क्रीनशॉट असा कुणीही दोन मिनिटांत बनवू शकतो, त्यामुळे स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. मला तर वाटतं शाळेत पहिल्याच तासाला हे दाखवावं.

तेच कुलुपाचं. ॲड्रेस बारमध्ये कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, पण त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधला मजकूर एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असा, जातोय, समोरचा प्रामाणिक आहे की भामटा हे कुलूप सांगत नाही. फसव्या साइटलाही ते मिळतं. 2023 मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं, आता फक्त कुलूप शोधायला शिकलेल्यांनी काय करायचं? त्यापेक्षा पत्ता वाचायला शिकवा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) आधीचा भाग घ्यायचा आणि उजवीकडून डावीकडे वाचत यायचं, साइट कुणाची ते तिथे कळतं. बँकेचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला कुणीही टाकू शकतो.

एआयची टूल्स आल्यापासून तर आयतं उत्तर घेऊन पुढे जायची सवयच लागलीय. एक्सेलचा फॉर्म्युला जरूर मागा, पण त्यातला प्रत्येक भाग काय करतो तेही त्यालाच विचारा आणि आधी चार ओळींच्या डेटावर हाताने ताडून बघा.

तर विनंती अशी की टूल्सच्या यादीच्या शेजारी एक छोटा कॉलम सुरू करा, पत्ता कसा वाचायचा, डॉक्युमेंटचं जुनं व्हर्जन परत कसं आणायचं, एखाद्या ॲपमधून आपला डेटा बाहेर कसा काढायचा, असा दर आठवड्याला एकच विषय, करून बघता येईल असा. यादी बंद करू नका, ती मला हवीच आहे.

आपला,
एक नियमित वाचक