अगालेगाच्या विहिरी आणि तिथले मुंडकार: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय, स. न. वि. वि.

29 मार्च 2022 रोजी गोव्यातल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर नौदलाची 316 क्रमांकाची तुकडी रुजू झाली. लांब पल्ल्याची पी-8आय टेहळणी विमाने तिच्या ताब्यात आहेत. पुढे 29 फेब्रुवारी 2024 रोजी मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या जेटीचे आणि सुमारे 3 किलोमीटर लांबीच्या धावपट्टीचे उद्घाटन झाले. बेटावरची वस्ती तीनशेच्या आसपास. एवढ्या वस्तीला एवढी धावपट्टी कशाला, हा प्रश्न तिथले लोक विचारत आहेत, आणि दाबोळीची विमाने रोज डोक्यावरून जाताना पाहणाऱ्या आम्हा गोमंतकीयांनाही तोच पडतो.

हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात. मग मार्च 2015 च्या सामंजस्य कराराचा पूर्ण मजकूर क्रेओल भाषेत करून बेटावरच्या घराघरांत पोहोचवावा. त्यांची भीती उगाच नाही. त्याच महासागरात, तशाच नारळाच्या भाटांत, म्हणजे बागायतींत, राबणाऱ्या दिएगो गार्सिया आणि बाकीच्या चागोस बेटांवरच्या लोकांना ब्रिटनने 1968 ते 1973 या काळात अमेरिकेच्या तळासाठी घरांतून उठवले. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने चागोसच्या प्रश्नावर मॉरिशसच्या बाजूने मत दिले, ते योग्यच होते. त्याच मॉरिशसच्या दुसऱ्या बेटावर आज परके आपण आहोत.

अगालेगातल्या माणसाच्या नावावर घराखालची जमीनही नाही. भाट सरकारी महामंडळाचे, घर महामंडळाचे, कामही महामंडळाचेच. गोव्यात याला एकच शब्द आहे: मुंडकार. आमच्याकडे 1975 मध्ये मुंडकार संरक्षण कायदा झाला. पंचायत क्षेत्रात घर आणि त्याभोवतीची 300 चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याचा हक्क त्याने मुंडकाराला दिला. अंमलबजावणी रखडली, खटले तुंबले, तरी भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, उठ म्हटले की उठायचे, ही पाळी संपली. कायदा करायचा तो मॉरिशसने, हे आम्हाला कळते. पण बांधकामाचा पैसा आपला आहे. पुढचा प्रत्येक हप्ता देताना घरांच्या मालकीचा विषय टेबलावर ठेवणे आपल्या हाती आहे.

आता पाण्याकडे येतो, कारण माणसे हुकूम न काढताही उठवता येतात. विहीर खारी झाली की पुरते.

प्रवाळी वाळूच्या बेटाखाली गोड्या पाण्याचा साठा खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. गोडे पाणी थोडे हलके, म्हणून तो टिकतो. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल, तर खाली साधारण 40 मीटर गोडे पाणी मावते. हे प्रमाण उलटही चालते. उपसा करून पातळी 10 सेंटिमीटर खाली आणली, की खालचे खारे पाणी सावकाश 4 मीटर वर चढू लागते. म्हणून अशा बेटावर खोल बोअरवेल मारून मोठा पंप लावणे ही पहिली घोडचूक. उथळ विहिरी, एकमेकींपासून दूर, आणि थोडाथोडा उपसा एवढेच चालते. बांधकामाला शेकडो कामगार आले, त्यांचे पिणे-धुणे आले, काँक्रीट आले. काँक्रीटच्या एका घनमीटरला नुसते कालवायलाच दीडशे ते पावणेदोनशे लिटर गोडे पाणी लागते, क्युरिंगचे वेगळे. ते कुठून उपसले आणि किती, याची नोंदवही असलीच पाहिजे. ती खुली करा.

धावपट्टी जमिनीचे तोंडच बंद करते. रुंदी कमीत कमी 45 मीटर धरली तरी साडेतेरा हेक्टर होतात. 10 मिलिमीटरची एक सर म्हणजे साडेतेरा लाख लिटर पाणी. गटाराने ते समुद्रात सोडले, तर साठा तेवढ्या पाण्याला कायमचा मुकतो. आमच्या सड्यांवर हेच होते: वर जांभा झाकला की खालच्या वाडीची झर मार्चमध्येच आटते. उपाय साधा आहे. कडेने गाळ आणि तेल अडवणारी टाकी, तिच्यापुढे वाळू-खडीचा शोषखड्डा, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी टाकीची सफाई. सफाई चुकली की टाकी भरून वाहते आणि तेल थेट साठ्यात उतरते.

इंधनाचे तर विचारूच नका. 2024 मध्ये दाबोळीजवळच्या माटवे भागात विहिरींत पेट्रोलियम उतरले, तेव्हा मुरगावने ते पाहिले. तिथे निदान टँकर येऊ शकतो. मुख्य बेटापासून हजारेक किलोमीटरवर असलेल्या अगालेगाला टँकर कोण पाठवणार? आणखी एक गोष्ट आग विझवण्याच्या फेसाची. जुन्या प्रकारच्या फेसातली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात विघटित होत नाहीत. 10 एप्रिल 2020 रोजी ओकिनावातल्या अमेरिकेच्या फुतेन्मा तळावरून असे सुमारे 1 लाख 40 हजार लिटर द्रावण बाहेर वाहून गेले, ओढ्याच्या पाण्यावर पांढरे गोळे तरंगत राहिले. फ्लोरिनविरहित फेस आज बाजारात मिळतो. अगालेगात फक्त तोच राहील, असा लेखी आदेश काढायला काय हरकत आहे?

नारळावरही दोन शब्द. जहाजांतून येणाऱ्या लाकडी खोक्यांत आणि फळ्यांत कीड लपून येते. लाकडाच्या गाभ्याचे तापमान 56 अंशांवर सलग 30 मिनिटे ठेवून त्यावर शिक्का मारायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जेटीवर तो शिक्का तपासणारा माणूस अगालेगाचाच असावा. माडाला भोक पडलेले त्याला आपल्या अधिकाऱ्यांच्या आधी दिसेल.

डिसेंबर 2024 मध्ये चिडो चक्रीवादळाने बेटाला झोडपले. अशा वादळात लाट विहिरीवरून गेली की पाणी कित्येक महिने खारट राहू शकते. तेव्हा आधार पावसाच्या टाकीचा. माणशी दिवसाला 10 लिटर, चार महिन्यांसाठी, म्हणजे माणशी 1,200 लिटरची बंदिस्त टाकी, जमिनीला जखडलेली. तीनशे माणसांना 3 लाख 60 हजार लिटर. धावपट्टीच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही.

करार खुला होईपर्यंत आणि बेटावरच्या लोकांनी सभेत होकार देईपर्यंत नौदलाचा वापर तिथे सुरू होऊ नये आणि नवे बांधकाम हाती घेऊ नये, ही आमची मागणी आहे. दरम्यान धावपट्टीवरून आधी लोकांसाठी नियमित विमान सुरू करा. अगालेगाच्या दोन बेटांपैकी धावपट्टी असलेल्या उत्तर बेटावरच्या प्रत्येक विहिरीतले क्लोराइड, म्हणजे पाण्याचा खारेपणा, दर महिन्याला मोजा आणि आकडा विहिरीपाशीच फळ्यावर लिहा. लिटरला 250 मिलिग्रॅमच्या वर गेला, की त्या विहिरीवरचा पंप त्याच दिवशी बंद. किल्ली गावाकडे ठेवा.

आपले,
मुरगाव, पेडणे आणि सत्तरी तालुक्यांत विहिरी, बांध आणि बागायतींवर काम करणारे गोमंतकीय