तवसाळच्या सड्यावर भेटलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

फेब्रुवारीतली दुपार. हेदवीहून तवसाळच्या जेट्टीकडे जाताना सड्यावर, जांभ्याच्या त्या उघड्या पठारावर, एक पांढरी मारुती ईको व्हॅन वाफा सोडत उभी होती, ती माझी. तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोट चुकेल म्हणून घाईत निघाले आणि जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. शिवाय एकटीनं गाडी घेऊन निघायचं मनात असलेल्या पुष्कळ जणी मला विचारतात, "वाटेत गाडी बंद पडली तर?" त्यांनीही वाचावं म्हणून हे उघड पत्र.

ती गाडी राहण्याजोगी करण्यात मी चार महिने घातले होते. मागची सीट काढून फळ्यांचा पलंग, त्याखाली कपडे, दाराशी शेगडी, कोपऱ्यात पाण्याचा मोठा कॅन. मला जायचं होतं महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, रेडीला. मुंबई-गोवा महामार्गानं तिथे लवकर पोचता येतं हे माहीत होतं. पण मला समुद्राच्या कडेनं जाणारा रस्ता हवा होता, जो खाडी आली की थांबतो आणि गाडीसकट फेरीबोटीत चढायला लावतो. बागमांडल्याहून वेश्वीला सावित्री ओलांडली. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळला आले आणि वाशिष्ठीच्या मुखातून धोपाव्याला उतरले. केळशीला सुरूच्या बनाजवळ पहाटे गाडीचं दार सरकवलं, तेव्हा समोर ओहोटीची ओली वाळू आणि त्यावर खेकड्यांच्या बारीक गोळ्यांची नक्षी होती. त्या सकाळी मी चहा करायचंही विसरले होते.

आणि मग तो सडा. उघडा जांभा, पिवळं पडलेलं गवत, कुठे सावली नाही. चढावर लाल दिवा लागला, इंजिन असतं त्या सीटखालून वाफ आली. मी गाडी कडेला घेतली आणि घाबरून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाले. दुचाकीवरूनच तुम्ही ओरडलात, "ताई, झाकणाला हात लावू नका!" उकळतं पाणी माझ्या तोंडावर आलं असतं. तो एक आवाज अजून कानात आहे.

तुम्ही जेट्टीवर कुणाच्या तरी होडीचं इंजिन दुरुस्त करून घरी निघाला होतात. पाऊण तास माझ्या गाडीच्या सावलीत नुसते बसलात. इंजिन निवेपर्यंत काही करायचंच नसतं, म्हणालात. होडीला खाडीचं पाणी गार ठेवतं, तुमच्या गाडीला एवढंसं पाणी आणि वारा, हे तिथेच समजावलंत. मग सीट उचलायची वेळ आली, तेव्हा तुम्ही आधी चपला काढल्यात. "ही तुमची खोली ना," एवढंच म्हणालात. दादा, प्रवासात अनेकांनी त्या गाडीत डोकावून पाहिलं, फोटो काढले. चपला कुणीच काढल्या नव्हत्या.

दोष इंजिनाला पाणी नेणाऱ्या होज पाइपच्या क्लिपचा होता. निघण्याआधी ज्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं, तिथे ती नीट आवळलीच नव्हती. पाइपचं टोक चिरलं होतं. तेवढंच कापून, उरलेला पाइप पुढे ओढून, नवी क्लिप बसवताना तुम्ही पाना माझ्या हातात दिलात. "आवळा तुम्ही. उद्या मी नसेन." मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलंत, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाणी घालायला लावलंत. चढावर गाडी तापू लागली तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा. पाण्याचा कॅन मागे टांगू नका, पलंगाखाली मध्यावर घ्या. सगळं वहीत लिहून ठेवलंय.

"एकट्याच?" हा प्रश्न मला प्रत्येक टपरीवर विचारला गेला. तुम्ही विचारलं नाहीत. आता परत जा, असंही म्हणाला नाहीत. संध्याकाळ झाली म्हटल्यावर एवढंच सांगितलंत, की आईला विचारतो, आमच्या खळ्यात गाडी लावा.

आईंना माझा नमस्कार सांगा. "बाय, भूक लागली असंल," म्हणत त्यांनी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. रात्री मी घरात नाही, गाडीतच झोपणार म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही. फक्त पडवीतला दिवा रात्रभर चालू ठेवला. पडद्याच्या फटीतून तो पिवळा पट्टा माझ्या उशीवर येत होता. घर सोडल्यापासूनची ती पहिली रात्र, जेव्हा मी मध्ये उठून दाराची कडी तपासली नाही.

सकाळी पैसे विचारले तर तुम्ही २४० रुपये सांगितलेत. २०० मजुरी, ४० क्लिप. मला त्याचं फार बरं वाटलं. फुकट केलं असतंत तर मी बिचारी ठरले असते. तुम्ही मला गिऱ्हाईक मानलंत.

पुढे शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरले. रत्नागिरीत तुम्ही सांगितल्याप्रमाणे कूलंट भरून घेतलं. पण त्याआधी आरे-वारेचा उतार लागला, खाली दोन्ही किनारे एकदम दिसले, आणि मी दुसऱ्या गिअरात हळूहळू, मागच्या गाड्यांना वाट देत उतरले. पूर्णगड, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले. रेडीला पोचले तेव्हा लाल दिवा पुन्हा एकदाही लागला नव्हता.

घरी येऊन गाडी झाडताना सीटखाली तुमचा ८ नंबरचा पाना सापडला, लाकडी मुठीला निळी सुतळी गुंडाळलेला. तुम्ही तो शोधला असेल. पोस्टानं पाठवणार नाही. पावसाआधी, वैशाखात, त्याच रस्त्यानं घेऊन येते. आईंना सांगा, कुळीथ माझ्याकडून.

तुमची,
पांढऱ्या ईकोवाली ताई