घासलेल्या पुंगळ्या आणि पुसलेली ओळख

महोदय,

दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत तोफांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या संग्राहकांच्या हाती येतात त्या बहुधा आरशासारख्या घासूनच. बुडावर ठोकलेला कारखान्याचा व उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक आणि सालाचे शेवटचे दोन आकडे त्यानंतरही टिकतात. परंतु ते साल पुंगळी घडवल्याचे असते, गोळा डागल्याचे नव्हे, कारण पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरल्या जात. म्हणूनच बुडाच्या मध्यभागी आट्यांनी बसवलेल्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच आतील स्फोटक दारू पेटवणाऱ्या भागावर (७६ मिलिमीटरच्या झिस-३ तोफेसाठी 'केव्ही-४') निराळे साल आढळल्यास वस्तू बनावट ठरवण्याची घाई करू नये.

खरा ऐवज असतो तो बाजूवर रंगाने छापलेल्या मजकुरात. तेथील '९/७' ही जोडी सांगते, की आतील दारूच्या कणाची भिंत सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची असून त्याला ७ छिद्रे आहेत. ब्रासोच्या पहिल्याच हाताला हा मजकूर जातो, आणि विक्रेते त्यालाच 'साफसफाई' म्हणतात! निदान त्याआधी छायाचित्र तरी काढावे. प्रायमरवर ठोक्याचा खळगा नसेल, तर तो अजून जिवंत असू शकतो; अशा वेळी मात्र पुंगळीला हात न लावता पोलिसांना कळवावे.

– एक संग्राहक