चौकटीबाहेर, पण किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सवयीच्या चौकटीबाहेर पडा, असा उपदेश सर्रास केला जातो. पण किती बाहेर, हे सहसा कोणी सांगत नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की अवघड फरक ओळखायला शिकताना चुकल्यावर दिलेला विजेचा मध्यम धक्का सर्वाधिक उपयोगी पडला, तीव्र धक्क्याने मात्र शिकणे मंदावले. माणसाला उंदराचे माप लावणे धाडसाचेच. तरीही सभेत बोलायला घाबरणाऱ्याला थेट व्यासपीठावर ढकलण्यापेक्षा आधी चार परिचितांसमोर, मग दहा अनोळखींसमोर बोलू दिले, तर त्याची भीती टप्प्याटप्प्याने ओसरू शकते. मानसोपचारातही हीच रीत रूढ आहे.

आपला,
एक वाचक