दहावीतल्या मुलाने नोकरी करावी, पण किती वाजेपर्यंत?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दहावीची परीक्षा संपली की परळ-लालबागच्या चाळींतून एकच विचारणा सुरू होते. ‘बाई, निकाल लागेपर्यंत पोराला कुठे चिकटवू का?’ गिरणगावातल्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे निवृत्तीनंतरही आया माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, चौदा पूर्ण असतील तर जरूर चिकटवा. मात्र पगार किती हे विचारण्याआधी काम किती वाजता सुटते ते विचारा.

हातात पैसा खुळखुळू लागला की पोर शाळेला रामराम ठोकेल, ही पालकांची भीती खोटी नाही. तशी मुले मी पाहिली आहेत. तरीही मी कामाच्या बाजूने आहे. माझ्या नववीच्या वर्गातल्या दोघा मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत माहीमच्या कंदील गल्लीतून माल उचलला आणि आमच्या नाक्यावर मांडला. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी कंदील उरले. खरेदीपेक्षा कमी भावाने काढायचे की पुढच्या दिवाळीपर्यंत पोटमाळ्यावर ठेवायचे, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी भाव पाडून विकले. सुट्टीनंतर मी बीजगणितातला ‘अर्थनियोजन’ हा धडा घेतला तेव्हा ही दोघे फळ्यापाशी आली आणि भांडवल अडकून पडणे म्हणजे काय ते त्यांनी वर्गाला समजावले. ठेवलेला कागद वर्षभरात पिवळा पडतो, वर पुढच्या वर्षी फॅशन बदलते, हेही हिशेबात धरायला सांगितले. इतका जिवंत तास मला कधी घेता आला नव्हता.

त्याच शाळेतला दुसरा एक विद्यार्थी दादरला कपड्यांच्या दुकानात होता. सकाळी सातची शाळा, दुपारी जेवून दुकान, गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालून शटर ओढेपर्यंत रात्रीचे दहा. मालक माणूस चांगला होता. चहा-वडापाव द्यायचा, पगार वेळेवर करायचा. पण मुलाच्या वहीत समीकरणाची ओळ डावीकडे नीट सुरू व्हायची आणि उजवीकडे घसरत जाऊन पेनाची नुसती रेघ उरायची. दहावीत तो गणितातच राहिला. त्याच्या बुद्धीत काहीही कमी नव्हते. झोप मात्र कमी पडत होती, आणि ती कमी पडते आहे हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगितलेच नव्हते.

वास्तविक यावर कायदा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावणे आणि बालकलाकार म्हणून काम करणे, एवढेच अपवाद. चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याची कामे वर्ज्य आहेत. इतर कामांत सलग तीन तासांवर राबवायचे नाही, मग तासभर विश्रांती, आणि विश्रांती धरून सगळे सहा तासांत आटोपायचे. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम द्यायचे नाही. ओव्हरटाइम नाही, आठवड्याची सुट्टी हवीच. हे नियम दुकानांना आणि हॉटेलांनाही लागू आहेत. संध्याकाळी सातनंतर दादर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा, गल्ल्यामागे आणि टेबलांमध्ये ही मुले दिसतील.

या विषयावर बोलताना कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव हटकून घेतले जाते. रयत शिक्षण संस्था १९१९ साली काले गावात सुरू झाली आणि ‘कमवा व शिका’ची वाट तिने हजारो गरीब मुलांना मोकळी केली. तिथे काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. मुलगा किती राबला, जेवला का, अभ्यासाला बसला का, हे एकाच छपराखाली दिसत होते. आज दुकानदाराला शाळेचे वेळापत्रक ठाऊक नसते आणि शाळेला दुकान ठाऊक नसते. मग कर्मवीरांचा दाखला कुठल्या तोंडाने द्यायचा?

ज्या घरात मुलाच्या पगारावर रेशन येते, तिथे ‘आता फक्त अभ्यास कर’ हा उपदेश मी करू धजत नाही. अशा मुलांना रात्रशाळेचा आधार आहे आणि तो टिकलाच पाहिजे. एवढेच म्हणेन, की दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँका उघडून देऊ शकतात. पगार त्यात जमा व्हावा, घरखर्चाला किती द्यायचे ते मुलाशी बोलून ठरावे.

शाळांकडे माझी मागणी साधी आहे. जूनच्या पालकसभेत नववी-दहावीतल्या कामावर जाणाऱ्या मुलांची नोंद घ्या: कुठे जातो, किती वाजता सुटतो. वर्गशिक्षकाने मालकाला एक फोन करावा. ‘सातला सोडा, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी द्या’ हे शाळेने सांगितले तर बरेच मालक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आणि एक विनंती आपल्याकडे. भल्या पहाटे पुरवण्या घालून, पावसात प्लास्टिक गुंडाळून, जिने चढून पेपर टाकणाऱ्यांत शाळकरी मुलेही असतात, आणि तीच सातला वर्गात येऊन बसतात. आपल्या वितरण विभागाने विक्रेत्यांना कळवावे, की पहाटेची लाइन अठरा पूर्ण झालेल्यांनाच द्या. शाळकरी मुलांना महिन्याची बिले गोळा करायचे काम दिवसाउजेडी देता येईल, आणि त्याचे पैसेही चोख मिळावेत.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई